दुपारी चारचं रक्त

नामपूरला निघालो तेव्हा बायकोला फिरायला जातोय असं सांगितलं. मांगीतुंगी जवळच आहे, दर्शन घेऊन या, म्हणाली. खरं कारण सांगायला जीभ रेटेना.

मी नाशिकच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. तीन वर्षांपूर्वी नामपूरच्या सुमनबाई हत्तीरोगाच्या तपासणीला आल्या होत्या. या रोगाच्या अळ्या दिवसा फुप्फुसात दडून बसतात आणि रात्री रक्तात फिरतात. रात्रपाळीचे कामगारच म्हणा ना. म्हणून रक्त रात्री दहानंतर घ्यायचं. पण मला घरी जायची घाई. ‘तुमची बस चुकेल’ म्हणत दुपारी चारलाच बोट टोचलं आणि काचपट्टीवर ‘रात्री १०’ लिहून टाकलं. रिपोर्ट निगेटिव्ह. परवा सटाण्याहून त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. बाईंचा पाय खांबासारखा सुजलाय, पुन्हा तपासा. मी म्हटलं, मीच येतो.

सकाळच्या एसटीने चांदवड, तिथे चहा-भजी, मग देवळा, सटाणा करत नामपूर. सटाण्यापुढे रस्ता खराब, कंबर सांभाळा. वाटेत दुतर्फा कांद्याच्या चाळी. एरवी पन्नास फोटो काढले असते.

सुमनबाईंनी लंगडत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि ठेचा वाढला. शेजारणीला कौतुकाने सांगितलं, “हाऊ भाऊ भला माणूस शे. मन्ही बस चुकू दिधी नही.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घास तसाच ठेवून सगळं सांगितलं. “घाई तुम्हाला नव्हती बाई, मला होती. वेळ मी खोटी लिहिली.”

बाई आपल्या पायाकडे बघत राहिल्या. मग माझं ताट उचललं नि म्हणाल्या, “मंग आज रातलोंग थांबा.”

थांबलो, ओसरीवर. साडेदहाला बोट टोचलं, तीन थेंब घेतले, खरी वेळ लिहिली.

नाशिकला येऊन वाळलेले थेंब पाण्यात धुतले, रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या लगेच दिसल्या. औषध सुरू झालंय. अळ्या मरतील, पण सूज पूर्ण उतरेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हाच औषध मिळतं तर? जुनी नोंद लॅबच्या मालकांसमोर दुरुस्त केली. बायकोलाही सांगितलं.

नामपूरला जाणार असाल तर मुक्कामाच्या तयारीने जा. परतीची बस लवकर सुटते. माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

निकाल कळवायला मीच सुमनबाईंना फोन केला होता. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “बरं, साहेब,” म्हणाल्या. भाऊ म्हणाल्या नाहीत.