गाणं खाली बसेपर्यंत

"ताई, गाणं संपलं की लगेच बोलू नका. त्याला जरा खाली बसू द्या."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं त्याला आता बरीच वर्षं झाली. बोलणारा कोण, मला माहीत नव्हतं. पुण्यात आमच्या घराच्या मागच्या खोलीतून मी तेव्हा दर रविवारी इंटरनेट रेडिओवर तासभर गाणी लावायचे. कार्यक्रमाचं नाव 'तळघर'. कुठल्याच कंपनीने न घेतलेली, पोरांनी गॅरेजमध्ये नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर रेकॉर्ड केलेली गाणी. गॅरेज रॉक, पंक. गिटार जेमतेम जुळलेली, ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा, आणि गाणारा गातोय की भांडतोय ते कळू नये असा. ऐकणारे मोजकेच. त्यातल्या एकाने बिरवाडीहून व्हॉइस मेसेज पाठवून मला चक्क बोलायचं कसं ते शिकवलं होतं. रागच आला. पण पुढच्या रविवारी मी थांबून पाहिलं. गाणं संपल्यावर दोन श्वास गप्प राहिले, आणि हौदातला गाळ बसावा तसं ते गाणं खरंच खाली बसलं.

तो नीलेश. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला, महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा, बिरवाडीत खोली घेऊन राहणारा. वर्षभरात अर्धा कार्यक्रम तोच करू लागला. पुढे रेडिओ बंद पडला आणि 'तळघर'चा पॉडकास्ट झाला, तेव्हा लोक माझ्यापेक्षा त्याच्यासाठी ऐकत. मी गॅरेज रॉक म्हणजे काय ते समजावायला लागले की तो मध्येच म्हणायचा, "आमच्याकडं गॅरेज नाय, ताई. गोठा हाय. गोठा रॉक म्हणा." आमचं भांडणही व्हायचं. गाणं तीन मिनिटांच्या पुढे गेलं की त्याला ते ढोंगी वाटे. मला हे पटत नसे, आजही पटत नाही.

गेल्या आषाढात तो भाताच्या लावणीसाठी गावी गेला आणि ताप घेऊन परतला. लेप्टो निघाला. आठवड्याच्या आत गेला. लग्नही झालेलं नव्हतं.

त्यानंतर मी एकही नवा भाग केला नाही. मनात एकच होतं. त्याचं सगळं बोलणं एकत्र करून वर्षश्राद्धाच्या सुमाराला एक मोठा भाग काढायचा, कायम राहील असा. त्यासाठी त्याच्या आईची परवानगी हवी होती. फोनवर विचारायचं धाडस होईना. तेवढ्यात त्याच्या बहिणीचा, संगीताचा फोन आला. "आई म्हनते, एकदा येऊन जा."

"काही काम होतं का?"

"ती सांगेल."

म्हणून पौषात, एका शनिवारी, मी गाडी काढली.

पुण्याहून महाडला जायला ताम्हिणी घाटाचा रस्ता चांगला आहे, पण मी भोरवरून वरंध घाटाने गेले. तुम्ही जाणार असाल तर आधी चौकशी करा. पावसाळ्यात हा घाट बंदच असतो, आणि एरवीही कुठे ना कुठे काम चाललेलं असतं. रस्ता अरुंद, वळणावर हॉर्न द्यायचा आणि समोरून उत्तर येतंय का ते ऐकायचं. वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्या आहेत. कांदाभजी गरम मिळाली, चहा अतिगोड. माकडांपासून पिशवी सांभाळा. माझी भजी एकाने नेलीच. टपरीवाली म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, त्याला वाढून घ्यायची सवय नाय." मी हसले आणि लगेच वाटलं, हे नीलेशला सांगायला हवं. अजून असं होतं.

घाट उतरल्यावर शिवथरघळीचा फाटा लागतो. घळीपाशी गर्दी नव्हती. धबधब्याची या दिवसांत बारीक धार उरते, आत गारवा आणि शांतता. भर पावसात नीलेशने इथे उभं राहून एका गाण्याची ओळख रेकॉर्ड केली होती. फाईल उघडली तर नुसतं पाणी. शब्द एक ऐकू येईना. मी म्हटलं, पुन्हा कर. तर म्हणाला, "पानी काय वाईट वाजवतंय?" आम्ही ते तसंच लावलं होतं. आता तिथल्या पायऱ्यांवर बसून मी मोबाईलवर तोच भाग ऐकला. कानात पाणी कोसळत होतं, बाहेर धार थेंबथेंब पडत होती. कानातून इअरफोन काढल्यावरच कळलं की शेजारच्या आजी मला केव्हापासून पाण्याची बाटली देऊ करतायत. माझे डोळे पुसायचे राहिले होते.

संगीताचं सासरही बिरवाडीतच, ती रस्त्यावर येऊन थांबली होती. नवरा पाळीवर गेलेला, तिला सुट्टी. तिने मला नीलेशची खोली दाखवली. आता तिथे कारखान्यातलीच दोन पोरं राहतात. खोली तशीच, एक खिडकी, एक पंखा. नीलेश रेकॉर्डिंगच्या वेळी त्या खिडकीवर आईने शिवलेली गोधडी टांगायचा, म्हणजे रस्त्यावरच्या टँकरचा आवाज अडे. गोधडीचे खिळे अजून होते. पोरांनी त्यांवर शर्ट अडकवले होते.

"इथंच बोलत बसायचा," संगीता म्हणाली. "मी डबा घेऊन आले तर हातानं थांब सांगायचा. भात गार व्हायचा माझा. नि बोलत पन नसायचा हो! नुसता गप. मी म्हनायचे, अरे गप बसायला एवढी तयारी?"

मुक्काम महाडला केला. बाजारपेठेजवळ साधे, स्वच्छ लॉज आहेत. शनिवार-रविवारी रायगडाला जाणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा खोली आधी सांगून ठेवा. पाचाडकडे जाणाऱ्या गाड्या सकाळी लवकर निघतात, त्यांच्या हॉर्नने जाग येते. संध्याकाळी चवदार तळ्याला फेरी मारली. रात्री माशाची थाळी घेतली. आमटी छान होती, पण मला जेवण गेलं नाही. उद्या परवानगी कशी मागायची, त्याची वाक्यं मी जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी संगीताला घेऊन पोलादपूर. हायवे आता मोठा झालाय, पोहोचायला अर्धा तासही लागत नाही. खाऊ, फळं काय घ्यायचं ते पोलादपूर बाजारातच घ्या, पुढे काही मिळत नाही. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गाडी शेवटच्या चढाखाली ठेवून चालत जावं लागतं. भातकापणी केव्हाच होऊन गेली होती, मोकळ्या खाचरांत वाल फुलला होता. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईत.

नीलेशची आई ओट्यावर वाल निवडत बसली होती. बारीक चणीची, डोक्यावर पदर. मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "ताई ती तूच?"

"हो, मावशी."

"केस पिकलं गो तुजं."

संगीता ओरडली, "आई!"

"मग काय झालं? मला वाटायचं येखादी पोरगी असंल पुन्याची. कातळावर जाऊन तासन्‌तास बोलायचा. ताई हाय म्हनायचा, मला काय खरं वाटायचं नाय. बरं वाटायचं." ती थोडी हसली. "ये बाय, बस."

कातळ म्हणजे वाडीच्या वरच्या अंगाला असलेला मोठा काळा खडक. अख्ख्या वाडीत मोबाईलला रेंज तिथेच. संध्याकाळ झाली की बाया मुंबईला फोन करायला तिथे जमतात. नीलेश गावी असला की त्याचं बोलणंही तिथेच रेकॉर्ड होऊन तिथूनच माझ्याकडे यायचं, त्यामुळे 'तळघर'च्या कितीतरी भागांत वारा आहे, गुरांच्या घंटा आहेत. एकदा एका आरडाओरड्याच्या गाण्यानंतर मागे एक बाई स्पष्ट म्हणते, "सिलिंडर संपला, आता काय पाय लावू चुलीत?" परदेशातल्या एका श्रोत्याने विचारलं होतं, ही गायिका कोण, हिची अजून गाणी आहेत का.

हे मी सांगितलं तेव्हा मावशी खूप हसली. "आमची शेवंता ती!" मग जेवणं झाली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुका जवळा. मला वाटलं, हीच वेळ. मी मोठ्या भागाचं सांगायला सुरुवात केली. त्याचा सगळा आवाज एका जागी, कायमचा, कुणालाही केव्हाही ऐकता येईल असा.

मावशी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "त्याच्यासाठीच तुला बोलावली."

दिवाळीत शेजारचा पुतण्या मुंबईहून आला होता. अंगणात त्याने स्पीकरवर 'तळघर' लावलं. चांगल्या मनानेच, सगळ्यांना नीलेशचं कौतुक ऐकवायला. मावशी आत भाकऱ्या थापत होती.

"गानी चालली होती धडाम धडाम. मी ध्यान दिलं नाय. मग थांबलं. नि माजा पोरगा बोलला." तिने हात पुढे केले, जणू अजून पिठाचे आहेत. "अशीच धावली मी. तवा चुलीवर. अंगनात बघते तर डबा. डब्यातून बोलतोय."

तिने हात पदराला पुसले.

"कुनी पन बटन दाबतो, नि त्याला उठून बोलावं लागतं. रातीचं, दिवसाचं, कुठं कुठं. जिता होता तवा पाळी करून यायचा, झोप मिळायची नाय. आता तरी निजू दे गो त्याला. वरीस व्हायच्या आत काढून टाक."

मी वाद घातला. तुमच्यापासून लपवत नाही. म्हटलं, मावशी, लोकांचा त्याच्यावर जीव आहे. कुणी आजारपणात ऐकतं, कुणी एकटं असलं की ऐकतं.

"त्यांचं भलं होवो. त्यांना गानी हायत की. गानी राहू दे."

"तुम्हाला नंतर वाटलं, एकदा ऐकावं, तर?"

"वाटंल. रोज वाटंल." ती वालाच्या सुपाकडे बघत म्हणाली. "म्हनून तर."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू ऐकतेस?"

"रोज."

"मग तू पन निजत नसशील."

शेवटी मी तिच्या मागण्याला हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिचा मुलगा आहे. काढते म्हणून शब्द दिला. या प्रवासाबद्दल लिहिलं तर चालेल का, एवढं विचारलं. "लिही की," ती म्हणाली. "लिवलेलं काय बोलत नाय."

निघण्याआधी ती मला कातळावर घेऊन गेली. दुपार कलली होती. तीन-चार बाया फोन कानाला लावून पाठमोऱ्या उभ्या होत्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. एका टोकाला खडकाला बसण्यापुरता खोलगट भाग आहे. तिथे मात्र कुणी नव्हतं. "तिथं रेंज नाय," मावशी म्हणाली. "पन वारा कमी लागतो. म्हनून तो तिथं बसायचा." मी बसले नाही. खाली दरीत ऊन होतं, कुठेतरी लाकूड तोडल्याचा आवाज येत होता, आणि तो थांबल्यावर बराच वेळ काहीच नव्हतं. मावशीही बोलली नाही. माझी खात्री आहे, तो हे तिच्याकडूनच शिकला असणार.

परत येताना माणगाववरून ताम्हिणीने आले. रस्ता सोपा, संध्याकाळी धुकं असतं, दिवे तपासून निघा. एवढंच आठवतं.

घरी आल्यापासून मी कापतेय. भाग उघडायचा, स्क्रीनवर आवाजाच्या लाटांच्या आलेखात नीलेशचं बोलणं शोधायचं, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते बघून तेवढं काढायचं, भाग पुन्हा चढवायचा. गाणी राहतात. माझं बोलणं राहतं, आता कुणाला उत्तर देतेय ते न कळणारं. गोठा रॉकवर मी हसते, तर नुसतीच हसते. श्रोत्यांना कळवलंय. काही जण चिडले, एकाने मला निर्दय म्हटलं. मी मावशीचे शब्द त्याला पाठवले.

आता सगळं काढून झालंय. माझ्याजवळची मूळ रेकॉर्डिंगं मी संगीताकडे पाठवून दिली, ठेवायची की नाही ते मावशीने ठरवावं. झोप म्हणाल तर अजून नीट लागत नाही.

पण एक उरलंय. गाणं संपल्यापासून नीलेशने तोंड उघडेपर्यंतचा जो वेळ असतो, तो मी कापलेला नाही. प्रत्येक भागात तेवढा तुकडा आहे. त्यात वारा आहे. बिरवाडीच्या भागांत गोधडीआडून टँकर जातो. एके ठिकाणी संगीताच्या डब्याचं झाकण वाजतं. आणि अगदी शेवटी, बोलण्याआधी माणूस घेतो तो श्वास.

संगीता हे कातळावर जाऊन तुम्हाला वाचून दाखवणार आहे, मावशी. तुम्ही शब्दाच्या पक्क्या आहात आणि मी शब्द दिलाय. श्वासही त्याचाच आहे, तोही काढ, असं तुम्ही म्हणाल, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणालात तर त्याच दिवशी काढेन. तरी विचारते. त्यात तो एक अक्षर बोलत नाही. त्याला कुणी उठवलेलं नाही. गाणं खाली बसायची वाट बघत तो नुसता बसलाय. तेवढं राहू द्याल?