सहा महिने मी त्याची ड्रायव्हर

गोळी मी दिली होती, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याची कंबर धरली होती, त्याला सकाळी साइटवर पोचायचं होतं, आणि माझ्या पर्समध्ये गुडघ्यासाठीच्या चार गोळ्या उरल्या होत्या. सांगलीच्या आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या. कागदाची पुडी, स्ट्रिप कापून घातलेली, नाव असलेला तुकडा दुसऱ्याच कुणाच्या पुडीत गेलेला. आमच्याकडे डॉक्टरांना औषधाचं नाव विचारायची पद्धत नाही. सकाळी एक, रात्री एक, एवढ्यावर आमचं भागतं. मी म्हटलं, "घे, तासाभरात चालायला लागशील." तो चालायला लागला, गाडी घेऊन निघाला आणि इथे आखातात, मुसाफाच्या सिग्नलला पुढच्या पिकअपवर जाऊन आदळला.

कुणाला काही लागलं नाही. पण त्याचे डोळे जड होते आणि जीभ अडखळत होती. पोलिसांनी तपासणीला नेलं. रक्तात जे सापडलं ते इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. कुठून आणलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "गावाहून. माझंच आहे." माझा उल्लेखही केला नाही. मला हे वकिलाकडून कळलं. मी आधी रडले, मग नवऱ्याशी भांडले, मग गप्प बसले. मी खरं बोलले असते तर कोर्टात दोघंही उभे राहिलो असतो आणि नऊ वर्षांची मुलगी घरी एकटी राहिली असती.

शिक्षा झाली ती दंड आणि सहा महिने लायसन्स निलंबित. परत पाठवलं नाही, नशीबवान आहात, असं वकील म्हणाला. मला त्या नशिबाचा संताप आला होता.

नवरा जनरेटर दुरुस्त करणारा सर्व्हिस इंजिनियर. आज रुवैस, उद्या अल ऐन. गाडी नाही तर काम नाही. त्याचा मॅनेजर भला माणूस, पण कंपनी काही त्याच्या घरची नव्हती. त्याने समोर बसवून सांगितलं, "छह महीने मैं संभाल लूँगा. लेकिन एक भी कॉल मिस हुआ तो खलास. फिर मेरे हाथ में कुछ नहीं." नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि त्यामागोमाग घर आणि मुलीची शाळा.

"मी चालवीन," मी म्हटलं.

नवरा हसला. हसण्यासारखंच होतं ते. चौथ्या टेस्टला मिळालेलं माझं लायसन्स शाळा आणि सुपरमार्केट यांच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं. हायवेवर शेजारून ट्रक गेला की माझे हात घामाने ओले व्हायचे. पण मी हट्टाला पेटले होते. भाषांतराचं काम मी घरून करते. लॅपटॉप गाडीत टाकला की झालं ऑफिस. शाळेनंतर मुलगी शेजारणीकडे थांबेल.

पहिल्याच दिवशी रुवैस निघालं. अडीच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू आणि पुढे-मागे ट्रक. नवरा शेजारच्या सीटवर बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता. "लेन बदल. आता नको. आता बदल. अगं, इंडिकेटर!" मी पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी उभी केली. "आणखी एक शब्द बोललास तर इथेच उतरवीन. टॅक्सी मिळते का बघ मग." त्यानंतर तो गप्प बसला. पाय मात्र ब्रेक दाबतच राहिला.

तीन महिने असे गेले. मी साइटच्या बाहेर सावली शोधायला शिकले, ट्रकला मागे टाकायला शिकले, वॉचमनशी चार शब्द अरबी बोलायला शिकले. मुलगी एकदा मागच्या सीटवरून म्हणाली, "मम्मा, नाऊ यू ड्राइव्ह लाइक अ टॅक्सी." मला ती कौतुकाची थाप वाटली. रोज सकाळी मी नवऱ्याला कंबर कशी आहे विचारायचे आणि तो म्हणायचा, "एकदम बरी." माझा विश्वास बसायचा, कारण मला तो बसायलाच हवा होता.

चौथ्या महिन्यात, अल ऐनच्या एका साइटवर, लॅपटॉपवरून सहज मान वर केली तर काचेतून तो दिसला. दोन्ही हात जनरेटरच्या पत्र्यावर टेकून वाकलेला. मला वाटलं आत काही बघतोय. पण तो तसाच राहिला. त्याला सरळच होता येत नव्हतं.

तो गाडीत आल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"थांबलं कुठे होतं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पुन्हा स्वतःला खात बसली असतीस. आणि मग गाडी कोणी चालवली असती?"

मला इतका राग आला की किल्ली फिरवता येईना. त्याच्यावर, माझ्यावर, त्या पुडीवर. मी त्याला थेट हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी नाव लिहून, शिक्का मारून औषध दिलं आणि पंधरा दिवस वाकायचं नाही म्हणून बजावलं. सुट्टी घेणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बनियासला दुरुस्तीचा कॉल होता.

"वाकायचं काय काय असतं त्यात?" मी विचारलं.

"तेल काढायचं, फिल्टर बदलायचा. तुला नाही जमणार."

हे त्याने म्हणायला नको होतं.

सकाळी मी त्याची कामाची जुनी डांगरी घालून, बाह्या दुमडून जनरेटरखाली शिरले. तो वर उभा राहून सांगत होता आणि मी पाना फिरवत होते. फिल्टर निघेना. सगळं वजन टाकून ओढला तेव्हा सुटला आणि काळं तेल कोपरापर्यंत आलं. मी शिवी दिली, वॉचमन हसला. नवीन फिल्टर हातात घेऊन वर बघितलं तर नवरा भिंतीला टेकला होता, डोळे मिटून.

"दुखतंय गं," तो म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"गाडीत जाऊन बस," मी म्हटलं. "तिथून सांग, मोठ्याने."