सागरचा गळा

ही गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, बँडमधल्या पोरांच्या नाही, विहारातल्या भंतेजींच्याही नाही – आणि त्यांच्यासमोर तर मी दर रविवारी हात जोडून बसतो. तुला सांगतोय. तुलाच का, ते विचारू नकोस. मलाही नीट माहीत नाही.

मी ओरडतो. पोटापाण्यासाठी नाही – त्यासाठी सौंसरच्या बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे – पण लोक मला ओळखतात ते ओरडण्यामुळे. नागपूरच्या एका हार्डकोर बँडमध्ये, म्हणजे ओरडूनच गायच्या बँडमध्ये, कित्येक वर्षं गायलो. गायलो हा शब्द माझ्या आईला मान्य नाही. तिनं एकदा माझा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "कोनी मारून राहिलं का तुले?" दारू, शिव्या, स्टेजवरून उड्या, कुणाच्या तरी नाकावर कोपर – सगळं करून झालं. मग बँड फुटला. मी घरी आलो आणि विहारात जाऊन बसायला लागलो. रागाचं काय करायचं असतं, हे तिथं पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. दारू सुटली. ओरडणं मात्र सुटेना.

मग नवा बँड काढला – 'शील'. ओरडायचंच, पण धम्माचं ओरडायचं. करुणेवर गाणी, मैत्रीवर गाणी. कार्यक्रमाच्या आधी सगळ्यांनी मिळून पंचशील म्हणायचं, ऐकायला आलेल्यांसकट, आणि मगच ड्रम. लोकांना हे फार आवडतं. ही कल्पना कशी सुचली, असं कुणी विचारलं की मी सांगतो – ध्यानात सुचली.

ते खोटं आहे. कल्पना सागरची होती. पण हे खोटं लहान आहे आणि मी त्याच्याआड लपतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

सागर माझा लहानपणापासूनचा मित्र, मोहगावचा. विहारात वंदना तो सांगायचा – आधी तो, मागून सगळे. जयंतीच्या दिवसांत भीमगीतं म्हणायला त्याला लोधीखेड्यापर्यंत बोलावणं यायचं. त्यानं सूर लावला की दारात चपला काढणाऱ्या बाया एका पायावर तशाच थांबायच्या. मी पाहिलंय हे.

आमचा सराव संत्र्याच्या शेडमध्ये चालायचा. माल निघून गेलेला, रिकाम्या पेट्या एकावर एक, आणि सडक्या सालींचा वास. त्यानं वंदनेच्या ढंगानं शांतपणे गायचं आणि मध्येच मी ओरडत शिरायचं, असं ठरलेलं. मी ओरडायचो तेव्हा पोरं आपापली वाद्यं वाजवायची. तो गायचा तेव्हा ती त्याच्याकडे बघत बसायची. पांढुर्ण्याचा आमचा ड्रमवाला तर एकदा वाजवायचंच विसरला. सगळे हसले. मीही हसलो. आतून जळलो – दुसरा शब्द नाही त्याला. बँड माझा, आयुष्य सुधारलं ते माझं, आणि लोक ऐकणार याला?

मग एक दिवस तोच म्हणाला, "मलेही शिकव ना बे तुझं ते ओरडनं. दोघं मिळून करू."

आता हे नीट ऐक. ओरडायची एक रीत असते. श्वास पोटातून ढकलायचा, गळा सैल सोडायचा, आधी हलकं गुणगुणून आवाज तापवायचा. आणि दुखलं की थांबायचं. त्याच जागी, लगेच. दुखतंय म्हणजे चुकतंय. मला हे नागपूरला शिकवलं होतं आणि मी ते रोज पाळत होतो. आजही पाळतो.

सागरला मी यातलं काहीच सांगितलं नाही. ओरड म्हणालो. तो ओरडला.

"दुखून राहिलं बे."

"दुखनारच. पयले सोलला पाहिजे, मंग गळा तयार होते."

त्याला ते पटलं. का नाही पटणार? भीमगीतं म्हणणाऱ्यांचा गळा जयंतीच्या दिवसांत बसतोच. ज्येष्ठमध चघळायचा, गायचं, आठवड्याभरात आवाज परत. बसलेला गळा म्हणजे मेहनतीची खूण, हे तो घरातून शिकलेला. मला ते ठाऊक होतं. त्याच्यावरच तर मी विसंबलो. विसरून गेलो असेन, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. विसरलो नव्हतो. एकदा त्याच्या थुंकीत लाल रेघ दिसली, त्यानं मला दाखवलीही. मी म्हणालो, होते असं.

गळा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी गाठी सांगितल्या, शस्त्रक्रिया झाली. बोलण्यापुरता आवाज परत आला. गाण्याचा गेला.

मी भेटायला गेलो. त्याच्या आईनं चहा दिला, समोर बसली आणि सहज विचारलं, "बाबू, तू तं इतके वर्सं ओरडून राहिला. तुले कसं काही नाही झालं?"

तिथं सांगता आलं असतं. ती रागावली नव्हती, तिला फक्त कळून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "एकेकाचा गळा असते मावशी." आणि सागरनं मान हलवली. माझाच गळा कच्चा, असं फाटक्या आवाजात पुटपुटला. मी चहा संपवला.

वंदना आता दुसरं कुणी सांगतं. सागर मागं उभा राहून नुसते ओठ हलवतो.

त्यानं बँड सोडला नाही. साउंडच्या मशीनवर बसतो. कुणाचा आवाज किती ठेवायचा ते बघतो – माझाही. कार्यक्रमाआधी मी माइकवर पंचशील म्हणतो, लोक माझ्यामागून म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलो की माझा आवाज खाली जातो, दर वेळी. मी म्हणायचं टाळलेलं नाही कधी, बघ. पूर्ण म्हणतो. सागरला वाटतं माझा गळा थकलाय. तो तिथं हळूच माझा आवाज वाढवतो, शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोहोचावा म्हणून.

मग कोमट पाण्याची बाटली आणून देतो. "गळा सांभाळत जा बे," म्हणतो.

मी पाणी पितो. येत्या रविवारी पांढुर्ण्याला कार्यक्रम आहे. मशीनवर तोच बसणार आहे.