कमोडला मराठी येतं

हा किस्सा मी ऑफिसात अजून कुणाला सांगितलेला नाही. सॉफ्टवेअरवाला माणूस मी, तिथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगतो, पण हातातला चहा आधी खाली ठेवा.

माझे सासरे, नाना. बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून उभी हयात काढली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी आमच्या कोरमंगलाच्या फ्लॅटवर राहायला येईनात. कारण एकच. "संडासात कुणी हात धरलेला मला चालायचा नाही. तशी वेळ आली तर त्याच दिवशी मी माझ्या घरी." माझी बायको वृषाली काळजीने अर्धी झाली होती.

म्हटलं, हे काम आपलं. पाण्याचा फवारा मारणारा, आपोआप झाकण उघडणारा कमोड आणला. पण तो भलताच शिष्ट निघाला. आमच्या घरात दिवे, पंखे, गिझर सगळं आवाजावर चालतं, हा मात्र कंपनीच्या रिमोटशिवाय कुणाचं ऐकेना. तीन रविवार त्याच्यापुढे फतकल मारून बसलो. शेवटी रिमोटचे सिग्नल एका डबीत भरले, डबी संडासात टांगली आणि तिला चक्क मराठी शिकवलं. "बस" म्हटलं की झाकण वर. पुन्हा म्हटलं की फवारा. त्यापुढे दर वेळी जोर वाढणार. "थांब" म्हटलं की बंद. नाना कसं म्हणतील काय माहीत, म्हणून बसा, बसतो, बसू, सगळी रूपं घातली, पार व्याकरणासकट.

नाना आले. सकाळी आत गेले, कडी लावली. "बसतो बाबा," एवढं ऐकू आलं आणि झाकण उघडलं. थोड्या वेळाने "बस". फवारा सुरू. माझी छाती फुगली.

मग आतून आवाज आला, "अय्यो, बस. बस रे बाबा, बस झालं."

आता मला सांगा, नको झालं की मराठी माणूस दुसरं काय म्हणतो? आणि हे मला, पुण्यात जन्मलेल्याला, तीन रविवारांत एकदाही सुचू नये?

मी दाराशी धावलो. "नाना, बस म्हणू नका. बस म्हटलं की जोर वाढतो. बसच्या ऐवजी..."

डबी माझंही ऐकत होती. नाना उठले असावेत, कारण पाणी आता समोरच्या भिंतीवर आपटताना ऐकू येत होतं. आणि बसच्या ऐवजी काय, तेच मला आठवेना.

"तू आधी गप्प बस," वृषाली ओरडली.

जोर आणखी वाढला.

आणि एकदम सगळं शांत. कडी निघाली. नाना बाहेर आले, नखशिखांत भिजलेले, एक हात भिंतीला टेकवून, पण स्वतःच्या पायांवर.

"बाजूला अँगल कॉक असतो," ते म्हणाले. "पाणी बंद केलं."

काय माणूस आहे हो. नवा गुडघा, तोंडावर पाण्याचा मारा आणि डोकं जागेवर. इंजिनियर आमच्या घरात एकच, हे मला त्या दिवशी कळलं.

नानांनी कपडे बदलले, चहा घेतला. माझं लक्ष कोपऱ्यातल्या त्यांच्या बॅगेकडे. आता उठतात आणि उचलतात, असं वाटत होतं.

"मशीन झकास आहे, जावईबापू," ते म्हणाले. "सांगितलेलं ऐकतं. फक्त भाषा बदला. सुरू करायला कूत्को, बंद करायला साकु. घरात आपण मराठीच बोलतो, चुकून चालू व्हायचं नाही."

"साकु म्हणजे?" मी विचारलं.

आठ वर्षं झाली मला या गावात. माझं कन्नड 'स्वल्प' आणि 'सरी'वर संपतं. "कन्नडमध्ये 'बस झालं'," नाना म्हणाले. "आणि कूत्को म्हणजे खाली बस." मी मुकाट्याने डबीत शब्द बदलले. नाना आत गेले, कॉक उघडला, "कूत्को" म्हणून फवारा सुरू केला, मग "साकु" म्हणाले. फवारा पहिल्या हाकेला थांबला.

"मग राहताय ना, नाना?" मी घाबरत विचारलं.

"राहतो की," नाना म्हणाले. "मशीन दहा मिनिटांत कन्नड शिकलं. तुम्हाला वेळ लागेल."