मी करडं धुतली तेव्हाची गोष्ट

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी डोकं खायला नको... मी घाटनांदूरला शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, भानामती, दृष्ट काढणं – या सगळ्याची मी भर वर्गात सालटी काढलेली आहेत. शेजारीण दाराला लिंबू-मिरची बांधते, ती मला येताना बघितलं की आत नेऊन ठेवते, कारण माझं तोंड एकदा सुरू झालं की लवकर बंद होत नाही. नवरा म्हणतो, तुला भूत दिसलं तर भूतच माफी मागून निघून जाईल. तर अशी मी, आणि मीच हे लिहायला बसलेय. चार-पाच वर्षं झाली, घरच्यांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

माझं माहेर युसूफ वडगावजवळच्या एका वस्तीवर. आम्ही पहिल्यापासून मेंढरंवाले. वडिलांच्या मागे मेंढरं गेली, आता दादाकडे बावीस शेळ्या आणि थोडं शेत आहे. शेळ्या आपल्याकडच्याच, काळ्या कुळकुळीत. सकाळी त्या चरायला जातात आणि करडं घरी तुराट्यांच्या कुडात कोंडलेली राहतात. दुपार कलली की शेळ्या परत येतात, मग करडं सोडायची आणि ज्याचं त्याला पाजायचं. कोणतं करडू कोणाचं हे फक्त वहिनीला विचारावं. सगळी सारखी काळी, सगळी सारखीच ओरडणारी, पण ही बाई मान वर न करता सांगायची – हे लंगडीचं, ते तुटक्या कानाचीचं. मी तिला एकदा विचारलं होतं, तू ओळखतेस कशी? ती म्हणाली, तू वर्गातली पोरं कशी ओळखतीस? मी म्हटलं, मी हजेरी घेते. त्यावर ती बराच वेळ हसत होती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऐन उन्हाळ्यात, वहिनीला ताप आला आणि चौथ्या दिवशी धाप लागायला लागली. दादाने कोणाची तरी जीप मागून तिला अंबाजोगाईला नेलं. तिला वॉर्डात घेतलं, ऑक्सिजन लावला, आणि दादा बाहेर झाडाखाली बसून राहिला. आत कोणालाच सोडत नव्हते. वहिनीला मोबाईल वापरायची सवय नाही, घरातला एकुलता एक फोन दादाच्या खिशात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांची मुलगी श्रावणी तेव्हा नऊ वर्षांची होती. आईला नेलं तेव्हा ती शेळ्यांमागे गेली होती. आमचे एक चुलत चुलते आहेत, तात्या, ते त्या दिवसांत शेळ्या चारून आणायचे, त्यांच्याबरोबर. मी टेस्ट करून घेतली, ती निगेटिव्ह आली, आणि स्कूटीवर वस्तीवर येऊन थडकले. दादाने फोनवर सांगितलं, पोरीला काही सांगू नको, आई मामाकडे गेली म्हण. आणि मी, जी जगाला खरं बोला म्हणून सांगत फिरते, तीच मी म्हणाले, बरं.

सगळं बंद. एसटी बंद, बाजार बंद, कोणी कोणाच्या दारात उभं राहत नव्हतं. अशात आई एकटीच मामाकडे कशी जाईल, एवढं नऊ वर्षांच्या लेकराला कळत नसेल का? श्रावणीने मला उलटून काहीच विचारलं नाही. ती बोलायचीच बंद झाली. ना हो, ना नाही. अर्धी भाकर खायची, बाजेवर पडून राहायची, आणि उठली की रांजणापाशी जाऊन हात धुवायची. परत पडायची, परत उठून हात धुवायची.

आता माझा शहाणपणा ऐका. मला त्याचं कौतुक वाटलं. मी तात्यांना म्हटलं, बघा, न सांगता हात धुतेय, आमच्या शाळेतली पोरं मारून मुटकून धूत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या बोटांच्या बेचक्यात कातडं फाटून लाल झालेलं दिसलं. मी खोबरेल तेल लावलं आणि तरीही म्हटलं, शाब्बास.

आठवलं की आजही मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

पाचव्या दिवशी दादाचा फोन आला की ऑक्सिजन वाढवलाय. मी फोन ठेवला आणि मला काहीतरी करायला हवं होतं. नुसतं बसवेना. मग माझ्या डोक्यात आलं, की दादा-वहिनी दोघांनीही ही करडं रोज हातात घेतलेली, त्यांच्या अंगावर विषाणू असेल तर? त्या वेळी आम्ही भाजीसुद्धा साबणाने धुवत होतो, तुम्हाला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या गेल्यावर मी दोन बादल्या पाणी घेतलं, कपड्याचा साबण घेतला आणि सगळीच्या सगळी सतरा करडं घासून-पुसून धुतली. उन्हात वाळवली. काय चकाकत होती म्हणता...

दुपारी तात्या शेळ्या घेऊन आले. मी ऐटीत करडं सोडली. करडं आपापल्या आयांकडे धावली, शेळ्यांनी त्यांना हुंगलं, आणि ढुशा मारून लोटून दिलं. एकीनेही जवळ घेतलं नाही. शेळी पिलू ओळखते ती वासावर – हे मी वर्गात शिकवते हो – आणि मी सतरा करडांचा वास साबणाने धुऊन टाकला होता. मग करडं भुकेने मिळेल त्या शेळीखाली घुसायला लागली, आणि पाच मिनिटांत कोण कोणाचं काही कळेना. सगळा गोठा ओरडत होता.

तात्या काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, आता हजेरी घे."

मला रडूच कोसळलं. हसू नका, मी खरंच तिथे शेणात बसून रडले. वहिनी तिकडे मरणाच्या दारात, आणि इकडे तिची करडं मी उपाशी मारणार, असंच वाटलं. तात्यांनी दोन-चार शेळ्यांना धरून बघितलं, पण त्यांनाही करडांची ओळख नव्हती. ते म्हणाले, सुनबाईला, तुझ्या वहिनीला, एक उपाय ठाव हाय, ज्या शेळीचं पिलू, तिचंच दूध काढून पिलाच्या टाळूला आन शेपटीला चोळायचं, मग ती घेते. पन कोनाचं कोनतं हे आधी ठाव पायजे.

तेवढ्यात श्रावणी बाजेवरून उठली.

मला वाटलं, हात धुवायला निघाली. ती रांजणापाशी थांबलीच नाही. सरळ गोठ्यात आली आणि मध्ये उभी राहिली, मान थोडी कलती करून... आपण फोनवर समोरच्याचं ऐकताना करतो तशी. मग तिने एक करडू उचललं, गर्दीतून वाट काढत एका शेळीकडे नेलं, चार धारा तळहातावर घेतल्या आणि त्याच्या टाळूला, पाठीला, शेपटीला चोळल्या. शेळीने हुंगलं आणि उभी राहिली. करडू ढुसण्या देत प्यायला लागलं. श्रावणी परत मध्ये येऊन उभी. परत मान कलती. परत दुसरं करडू. मध्ये एकदा तिने एक उचललं, दोन पावलं गेली, थांबली, ते खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारचं घेतलं.

सतराच्या सतरा पाजून झाली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. आम्ही दोघं मोठी माणसं तोंडं उघडी टाकून बघत होतो. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, तुला कसं गं कळलं?

तिने माझ्याकडे बघितलं. सहा दिवसांनी पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाली, "आई सांगत हुती की." आणि मग तिचा ओठ वाकडा झाला. "आत्या, आई म्हनली, कैरीमुळं न्हाई झालं."

कसली कैरी, मला काही कळेना. मी तिला मांडीवर घेतलं आणि मग ती इतकी रडली, इतकी रडली की हुंदक्यातून एकेक शब्द वेचून काढावा लागला. आई आजारी पडायच्या आठवडाभर आधी ही पूजा नावाच्या मैत्रिणीच्या घरामागे गेली होती. आईने जाऊ नको सांगितलेलं असताना. पूजाची आजी खोकत होती, आणि त्याच आजीने तिखट-मीठ लावून कैरीच्या फोडी हातावर दिल्या, त्या हिने खाल्ल्या. घरी येऊन कोणालाच सांगितलं नाही. आणि मी... मी तेव्हा रोज संध्याकाळी फोन करून स्पीकरवर दादाला भाषण द्यायची, की बाहेर हुंदडणारी माणसंच हा आजार घरात आणतात आणि आपल्याच माणसांच्या जिवावर उठतात. ती बाजेवर बसून ऐकायची.

म्हणजे हे लेकरू सहा दिवस मनात धरून बसलं होतं की मी माझ्या आईला मारलं. आणि मी तिला हात धुते म्हणून शाब्बास म्हणत होते.

मी तिची माफी मागितली. सगळं खरं सांगितलं – आई दवाखान्यात आहे, नळीने ऑक्सिजन चालू आहे, डॉक्टर प्रयत्न करतायत, आणि काय होईल ते मलाही माहीत नाही. वाटलं होतं घाबरेल. उलट तिने मोठा श्वास सोडला आणि भूक लागली म्हणाली. दोन भाकरी खाल्ल्या त्या पोरीने, दुधात कुस्करून. हात एकदाच धुतले.

दोन दिवसांनी वहिनीचा ऑक्सिजन कमी करायला लागले आणि पुढे दहा-बारा दिवसांत ती घरी आली. काठीसारखी झालेली, पण आली. जीपमधून उतरल्या उतरल्या श्रावणी तिच्या कमरेला चिकटली ती संध्याकाळपर्यंत सुटली नाही. मी वहिनीला करडांचा पराक्रम सांगितला, तर ती छातीवर हात धरून हसली, हसता हसता खोकली. मी विचारलं, त्या दिवशी तुला काही वाटलं का, काही दिसलं का? ती म्हणाली, "मला त्या आठ दिवसातलं कायबी आठवत न्हाई बाई."

म्हटलं, झालं तर. करडांचं उत्तर मी शोधून ठेवलं होतं. श्रावणी जन्मल्यापासून आईच्या मागे गोठ्यात, बघून बघून तिलाही ओळख झालेली असणार. शिवाय एकदा दूध चोळल्यावर शेळी कोणाचंही करडू घेत असेल, आम्ही कुठे ताडून बघितलं? आणि आईने सांगितलं म्हणजे काय, तर पोरीचं मनच तिला सांगत होतं. मनावर ओझं असलं की मन असे मार्ग काढतं. पुस्तकात आहे हे. मी समाधानाने घाटनांदूरला परत गेले.

मग पावसाळ्यात, वॉर्डात वहिनीच्या शेजारच्या खाटेवर असलेल्या मावशींचा दादाच्या मोबाईलवर फोन आला. त्या गेवराईकडच्या. दवाखान्यातून सुटताना दादाने नंबर दिला होता. मी नेमकी माहेरी होते, फोन स्पीकरवर होता. तब्येतीचं बोलणं झालं, आणि मावशी म्हणाल्या, "मग काय, मिळाली का न्हाई कैरी?"

वहिनी म्हणाली, कसली कैरी?

मावशींनी सांगितलं ते असं. एके दिवशी दुपारचा चहा आला तेव्हा वहिनी मास्कमध्ये बडबडायला लागली. आधी बराच वेळ शेरडांची नावं घेत होती – लंगडी, तुटक्या कानाची, असं काहीबाही. आणि मग एकच धोशा, कैरीमुळं न्हाई बाई, कैरीमुळं न्हाई. सिस्टरला फक्त कैरी ऐकू आलं. ती बिचारी दिवसभराची दमलेली, ती ओरडली, श्वास घ्यायची मारामार आहे आणि हिला कैरी सुचतेय. सगळा वॉर्ड हसला म्हणे. कितीतरी दिवसांनी हसला.

मी मावशींना विचारलं, कोणता दिवस? त्या म्हणाल्या, तुमच्या वहिनींचा ऑक्सिजन वाढवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी करडं धुतली तो दिवस.

मी काय काय तपासलं ते सांगते, कारण तुम्ही विचारणारच. वहिनीला कैरीचं माहीत नव्हतं, श्रावणीने सांगितलं नव्हतं. पूजालाही मी गाठलं, तिनेही नाही. दादाला तर मावशींचा फोन येईपर्यंत कैरीचा पत्ताच नव्हता. आत फोन नव्हता, निरोप जात नव्हता. आणि पूजाच्या आजीला साधा खोकला होता, ती आजही दिवसभर सुपारी खात ओट्यावर बसते. आजार बहुतेक दादाच बाजारातून घेऊन आला होता. म्हणजे वहिनी बोलली ते खरंच होतं – कैरीमुळं नव्हतंच झालं. पण ते तिला कोणी सांगितलं? मला वर्गातल्या पोरांनी असा प्रश्न विचारला तर मी म्हणेन, माहीत नाही हेही एक उत्तर आहे. तेच इथे लिहिते. माहीत नाही.

त्या मावशी आता आमच्या नात्यातल्यासारख्याच झाल्यात. दर उन्हाळ्यात गेवराईहून एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी देतात, आणि ती कशाची ते सांगायला नको. यंदा पिशवी आली तेव्हा मी वस्तीवर होते. वहिनीने विळीवर फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं, आणि पहिली फोड श्रावणीला दिली. नववीत आहे ती आता, माझ्याहून उंच. डोळे बारीक करून, मिटक्या मारत तिने चार फोडी खाल्ल्या. शेळ्या यायची वेळ झाली होती. तिने तिखटाचे हात ओढणीला पुसले आणि तशीच करडं सोडायला गेली.

हात धू, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं... मी पाचवी फोड उचलून तोंडात घातली.