मामांचं खातं

कुंभकोणममधल्या आमच्या बँकेत माझं काम संशय घेण्याचं आहे. कुणाच्या खात्यात कुठून पैसे आले आणि लगेच कुठे गेले, हे मी दिवसभर बघते. आता लग्नात आहेराचं पाकीट दिसलं तरी मन शंका काढतं.

एका सकाळी मामांचं खातं समोर आलं. समयांचं दुकान विकून आलेलं सगळं त्यांनी त्यात ठेवलं होतं. आता त्यात देशभरातल्या अनोळखी लोकांकडून रकमा येत होत्या, आणि दुपारपर्यंत त्यांची क्रिप्टो नाणी होऊन कुठल्या तरी निनावी वॉलेटमध्ये जात होती. चोरीचा पैसा असाच फिरवून पांढरा करतात.

मागच्या एकादशीला भजन संपल्यावर मामा खुशीत सांगत होते, "महाराष्ट्रांतला एक पैयन रोज फोन करतो. आपल्यांतलाच अहे. स्वामीमलैच्या पंचधातूच्या मूर्ती परदेशांत पाठवतो म्हणे." मग म्हणाले, "आमचं बोलणं ऐकून एकदांही हसला नाहीं."

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आम्हा मराठी लोकांकडे उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. महाराष्ट्रातून कुणी आलं की आमच्या जुनाट बोलण्याला हसतं आणि आम्हीही ओशाळून हसतो. न हसणारा मुलगा मामांना घरातलाच वाटला. त्या भामट्याने बरोबर नस पकडली होती. मला त्याचा अजून राग येतो.

नातं होतं म्हणून फाईल मी साहेबांच्या हाती दिली. त्यांनी अहवाल वर पाठवला. ज्याच्याबद्दल अहवाल जातो त्याला त्याबद्दल अवाक्षर सांगायचं नाही, असा कायदा आहे. पुढच्या एकादशीला मामा माझ्या शेजारी बसून टाळ वाजवत होते. मी अभंग म्हणत राहिले. कायदा चुकीचा आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. ज्यांचे पैसे लुबाडले गेले, तेही कुणाचे तरी मामाच असणार.

खातं गोठल्यावर मामा बँकेत आले. रिवाजाप्रमाणे तमिळमध्येच साहेबांना सगळं सांगितलं. मूर्तींचे पैसे म्हणून रकमा खात्यात यायच्या; तो मुलगा फोनवरून कुठलं बटण दाबायचं ते सांगायचा, मामा दाबायचे. कमिशन देत होता, पण घरच्या माणसाकडून ते कसं घ्यायचं, म्हणून मामांनी घेतलं नव्हतं. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग मामांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"मागच्या एकादशीच्या आधीपासून," मी म्हटलं. तेही तमिळमध्येच.

संध्याकाळी मी दारासुरमला त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. चपला काढून मी उंबरा ओलांडला आणि विचारलं, "मामा, जेवलांत कां?"

त्यांनी पाहुण्यांची खुर्ची पुढे ओढली. "या, बसा," ते तमिळमध्ये म्हणाले.