काशीरामकाकांचा हाफ क्लच

लांज्याहून वैष्णवीला बघायला पाहुणे आले होते. आतून चहा येईपर्यंत काहीतरी बोलावं म्हणून मी सांगून टाकलं, की तिला मुंबईच्या हॉस्पिटलात नोकरी लागतेय. त्यांना सून लांज्यात, त्यांच्या काजूच्या कारखान्याशेजारी नांदायला हवी होती. त्यांचे चेहरे बघून वाटलं, आपण आत चहा गाळत बसलो असतो तर बरं झालं असतं.

वैष्णवीचे वडील काशीरामकाका आमचे शेजारी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ते शांतपणे म्हणाले, "मुलाखत झालीय फक्त. यंदा काजूबीला दर काय तुमच्याकडे?" पुढचा सगळा वेळ काजूच चालला. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "मेल्या, कसंबसं हाफ क्लचवर धरलंय. आता तू तोंड उघडू नको."

हा शब्द काकांनी घाटातून घरी आणला. चढणीला पुढची गाडी अडली की क्लच अर्धा सोडून आपली गाडी तोलून धरायची. पुढे नाही, मागे नाही. फार वेळ धरलं तर मात्र क्लचची प्लेट जळते. घरी आल्यावर मात्र हा शब्द कशालाही चालायचा. डॉक्टरांनी तंबाखू सुटली का विचारलं, की हाफ क्लच. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलना हाफ क्लच. गंगाकाकूंनी माहेरी कधी नेताय विचारलं तरी तेच. "माझं माहेर देवरुखला आहे की हिमालयात?" असं काकू मलाच विचारायच्या.

मग लांज्याचे फोन सुरू झाले. मुलाच्या वडिलांना हो की नाही ते हवं होतं. काकूंना स्थळ सोडवत नव्हतं. मुलाखतीचा निकाल काही येत नव्हता. काका काजूवरून हायवेच्या कामावर, तिथून हवापाण्यावर गाडी नेत राहिले. वैष्णवी दाराआडून ऐकायची.

एकदा फोन वाजला तशी ती भरल्या पानावरून उठली. काकांनी तिच्या ताटाकडे बघितलं.

"प्लेट जळल्याचा वास येतोय," एवढंच म्हणाले आणि फोन उचलला.

"नमस्कार. मुलगी मुंबईला जाणार. ही नोकरी नाही लागली तर दुसरी बघेल. तुम्ही आमच्यासाठी थांबू नका."

फोन ठेवून तिला म्हणाले, "बस गो, जेव."

वैष्णवी आता मुंबईला असते. काकूंनी बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला होता. आता बोलतात, पण चांगलं चालून आलेलं स्थळ मी घालवलं, तेव्हा तसंच एक आणून देणं मी लागतो, हे आधी ऐकवून. मी दोन नावं सुचवून पाहिली. वैष्णवीने दोन्ही फोनवरच नापास केली.